रस्त्यावर नेण्याआधी तिला पुढचा ब्रेक शिकवा

तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण क्लासला जाऊन मोटरसायकल शिकली, परीक्षाही पहिल्याच वेळी पास झाली, पण रस्त्यावर समोरून एखादी गाडी वळताना दिसली की आखडते आणि मागचा ब्रेक इतक्या जोरात दाबते की चाक किंचाळतं. आता पुढे काय शिकवू, असं तुम्ही विचारताय. मी लिहायला बसले ते तुमच्या एका ओळीमुळे. क्लासच्या सरांनी तिला सांगितलंय, 'पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी पलटते.' मलाही शिकताना जवळजवळ याच शब्दांत हे सांगितलं होतं. त्याची किंमत मी कॉलरबोन मोडून मोजली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, मी प्रशिक्षक नाही. बरीच वर्षं गाडी चालवते आहे आणि घरातल्या, ओळखीतल्या काही जणांना शिकवलं आहे, एवढंच. चांगला प्रशिक्षक मिळत असेल तर त्याच्याकडेच पाठवा आणि माझं हे सगळं त्याच्याकडून तपासून घ्या. गिअर, क्लच, चढावर गाडी उठवणं हे तिला येत असणार, त्यात मी शिरत नाही.

पुढच्या ब्रेकचा एवढा धसका कुठून येतो, ते मला फार उशिरा समजलं. गाडी अगदी हळू चालली आहे, हँडल एका बाजूला पूर्ण वळवलेलं आहे, आणि अशा वेळी पुढचा ब्रेक कचकन दाबला तर गाडी जागच्या जागी आडवी होते. हे खरं आहे. आठचा आकडा काढताना, यू-टर्न घेताना, पार्किंगमधून गाडी फिरवताना हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवरच ती सांभाळायची असते. क्लासमध्ये सगळं शिकवतात ते याच वेगात, कारण परीक्षाही याच वेगात होते. शिकणारा पडला की क्लासच्या गाडीचा लिव्हर तुटतो, इंडिकेटर फुटतो. मग सरांना सोपा उपाय सापडतो, पुढचा ब्रेकच वापरू द्यायचा नाही. चालण्याच्या वेगापुरता बरोबर असलेला नियम असा कायमचा होऊन बसतो आणि शिकलेला माणूस तोच घेऊन रस्त्यावर येतो.

रस्त्याच्या वेगात हिशेब उलटा असतो. ब्रेक लागला की वजन पुढे येतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते, मागचं हलकं होतं आणि त्याची पकड कमी होते. कोरड्या डांबरावर जोरात थांबायचं असेल तर थांबवण्याचं 70 टक्के किंवा त्याहून जास्त काम पुढचं चाक करतं. नुसता मागचा दाबला तर ते हलकं झालेलं चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबतं, आणि गाडी थांबायच्या ऐवजी घसरत राहते. बहिणीचं चाक किंचाळतं ते यामुळेच. त्यात 60 च्या वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते, म्हणजे दिसून, कळून, हात हलेपर्यंतच केवढं अंतर संपतं बघा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, ते वेगळंच.

माझं झालं ते असं. सरळ रस्ता होता, पुढे चौक, आणि समोरून आलेली कार माझ्यासमोर आडवी वळली. मला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी मागच्या ब्रेकवर पाय दाबला. मागचं चाक लॉक झालं, गाडीची मागची बाजू सरकत बाहेर गेली, दचकून पाय उचलला गेला, आणि त्या तिरक्या अवस्थेत चाकाला एकदम पकड मिळाल्याबरोबर गाडीने मला वर उडवून टाकलं. कारवाल्याने धावत येऊन सांगितलं, 'तुम्ही दिसलाच नाहीत.' या सगळ्यात माझी उजवी मूठ हँडलवरच होती, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरपासून दोन बोटांच्या अंतरावर. तो दाबायचा विचारसुद्धा मनात आला नाही, कारण तो येऊ नये अशीच माझी तयारी करून घेतली होती.

बरी झाल्यावर मी त्या क्लासच्या ऑफिसात गेले. पैसे परत मागायला नव्हे, एवढंच सांगायला की हे वाक्य शिकवणं थांबवा. काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर काढलं, माझ्या नावापुढची खूण दाखवली आणि म्हणाल्या, 'तुम्ही पास आहात, आमचं काम तिथे संपतं.' तक्रार लेखी द्यायची तर 'प्रशिक्षण अपूर्ण'चा फॉर्म लागतो आणि पास झालेल्यांना तो फॉर्म मिळत नाही, असं उत्तर मिळालं. साध्या कागदावर लिहून दिलं, त्याची पोच द्यायलाही कोणी तयार नव्हतं. सरांना भेटायचंय म्हटलं तर ते मैदानावर आहेत म्हणाले. बाहेर आले तर खरंच होते. एक मुलगा आठचा आकडा काढत होता आणि सर लांबून ओरडत होते, 'पुढचा सोड, पुढचा सोड!' मला त्याचा राग आजही येतो. हाड जुळलं, पण त्यानंतर कितीतरी महिने प्रत्येक चौकात पोटात गोळा यायचा. जे शिकवायला पैसे घेतले त्याच्या बरोबर उलट शिकवलं, आणि त्यासाठी जबाबदार धरायचं तर कोणी सापडत नाही.

आणि ही काही फक्त माझी कहाणी नाही. 1981 साली अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या पथकाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. अहवाल जुना आहे, तेव्हाच्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नव्हतं, हे मान्य. पण त्यात जे लिहिलंय ते वाचून मला माझाच अपघात समोर दिसला. चालकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा गरजेपेक्षा कमी वापरला. धोका दिसल्यापासून काही करायला साधारणपणे 2 सेकंदसुद्धा मिळाले नाहीत. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता. आणि अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती विशिष्ट गाडी हातात येऊन 5 महिनेही झालेले नव्हते.

त्यातला आणखी एक आकडा मुद्दाम तुमच्यासाठी. त्या चालकांपैकी 92 टक्के लोक स्वतःचे स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. क्लासला गेलं की वाचलो, असा अर्थ मी काढणार नाही, वर लिहिलंच आहे. पण घरचा माणूस शिकवतो तेव्हा 'चालवता येतंय ना, झालं' इथे थांबतो. तुम्ही तिथे थांबू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. रिकामी, सपाट, कोरडी जागा बघा, खडी-वाळू झाडून घ्या. गाडी सुरू करण्याआधी पुढच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या आणि दबणाऱ्या नळ्यांच्या, चकचकीत दांड्यावर एक प्लास्टिकचा केबल टाय बांधा, सरकेल इतपत घट्ट, आणि खाली सीलला, म्हणजे दांडा जिथे आत शिरतो तिथल्या रबरी कडेला, टेकवून ठेवा. (काही गाड्यांना उलटे फोर्क असतात, त्यांत चकचकीत दांडा खालच्या बाजूला असतो. तिथे टाय वर सीलला टेकवायचा, सरकेल तो खाली.) तिला 20 च्या वेगात येऊन नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबू द्या. टाय थोडासाच सरकलेला दिसेल. तो परत जागेवर आणा आणि आता नुसत्या पुढच्या ब्रेकवर, हलक्या हाताने, सरळ हँडलने थांबू द्या. टाय किती वर गेला ते तिने स्वतः वाकून बघावं. वजन पुढे येतं म्हणजे काय, हे तोंडी कितीही सांगितलं तरी पटत नाही, त्या टायकडे बघितल्यावर पटतं. मग जमिनीवर खडूची रेघ मारा आणि त्या रेघेपासून थांबेपर्यंतचं अंतर तिला तिच्याच पावलांनी मोजू द्या, नुसता मागचा, नुसता पुढचा, दोन्ही. तुम्ही एक शब्द बोलू नका.

ब्रेक दाबायची पद्धत हाच खरा धडा आहे. पुढचा ब्रेक हिसका देऊन दाबायचा नाही. आधी लिव्हरमधली ढिलाई काढून ब्रेक जेमतेम पकडेल इतकंच दाबायचं, क्षणभर फोर्क खाली बसू द्यायचा आणि मग दाब वाढवत न्यायचा. फोर्क बसायच्या आत सगळी ताकद लावली तर पुढचं चाक लॉक होऊ शकतं. फोर्क बसल्यावर तेच चाक कितीतरी जास्त दाब सहन करतं. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर सैल ठेवायचं, नजर समोर दूर. खाली पुढच्या चाकाकडे बघितलं की गाडी हमखास वाकडी होते. पुढचं चाक लॉक झाल्याचं जाणवलं तर लगेच सोडून पुन्हा हळू दाबायचं. मागचं लॉक होऊन गाडी तिरकी झाली असेल तर मात्र पाय एकदम उचलायचा नाही, दाबूनच थांबायचं. मला उडवलं ते यातच. हे तोंडी समजावून ठेवा, मुद्दाम चाक घसरवून शिकवायला जाऊ नका.

20 ला जमलं की 30, मग 40. घाई नको. एका दिवसात खूप करून घेऊ नका, बोटं आणि मनगट दमलं की पद्धत बिघडते आणि बिघडलेली पद्धतच अंगवळणी पडते. गाडीला एबीएस असेल तर उत्तम, पण ते फक्त पुढच्या चाकाला आहे की दोन्हींना, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. काही गाड्यांत पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, तिथे वरच्या प्रयोगात फरक कमी दिसेल. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण लिव्हर दाबायला हात पुढे आणण्याचं काम माणसालाच करावं लागतं.

एक गोष्ट बहुतेक जण तपासतच नाहीत. लिव्हर तिच्या बोटांना पोचतो का? गाडी दुकानातून येते तेव्हा लिव्हरचा कोन आणि अंतर कुठल्यातरी सरासरी हाताला धरून असतं. सीटवर नेहमीसारखं बसल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेघ यायला हवी, मनगट वर मोडता कामा नये. कोन बदलायला बहुतेक गाड्यांत एक-दोन बोल्ट सैल करावे लागतात, पाच मिनिटांचं काम. अंतर बदलायची चकती काही गाड्यांत असते, काहींत नसते. लहान हाताच्या माणसाला पुढचा ब्रेक 'जमत नाही' असं वाटतं, त्यात अनेकदा दोष लिव्हरच्या जागेचा असतो.

दुसरा सराव अचानक बाजूला होण्याचा. जरा वेग आला की मोटरसायकल वळते ती हँडल ढकलून. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची, उजवीकडे जायचं तर उजवी. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून रिकाम्या जागेत हलकेच ढकलून बघायला सांगा. ब्रेक आणि बाजूला होणं एकाच वेळी करायचं नाही, एक संपल्यावर दुसरं.

तुमच्याबद्दलही थोडं, रागावू नका. तिच्या मागे बसून शिकवू नका. डबलसीटने गाडीचा तोल, ब्रेकचं अंतर, सगळंच बदलतं आणि तिला गाडी कधी नीट कळत नाही. लांबून ओरडू नका, जे सांगायचं ते गाडी थांबल्यावर. रस्त्यावर निघाल्यावर तिला पुढे ठेवा, तुम्ही मागे. तुम्ही पुढे असलात की ती तुमचा वेग गाठायला जाते. हेल्मेटमध्ये बोलायची सोय करून सतत सूचना देणारे लोक मी पाहिलेत, मला ते अजिबात पटत नाही. तिच्या कानात तुमचा आवाज असेल तर तिचं लक्ष रस्त्यावर कसं राहणार?

हेल्मेटबद्दल वाद घालायची माझी तयारी नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2008 च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्के कमी होतो. पट्टा बांधून मागच्या काठाला धरून हेल्मेट वर-पुढे ढकलून बघा, डोक्यावरून निघून येत असेल तर ते हेल्मेट तिच्या मापाचं नाही.

सुरुवातीच्या फेऱ्या कमी गर्दीच्या वेळी करा आणि प्रत्येक चौकाच्या आधी तिची दोन बोटं पुढच्या लिव्हरवर आलेली आहेत का, एवढंच मागून बघा. ती आपोआप यायला लागली की गर्दीत न्यायला हरकत नाही. पाऊस, नवे टायर किंवा वेगळी गाडी, यातलं काहीही आलं की परत रिकाम्या जागेत जाऊन ब्रेक पहिल्यापासून.

गाडी कोणती आहे, एबीएस कसं आहे आणि तिची उंची साधारण किती, ते लिहा. सीट आणि लिव्हरबद्दल मग जास्त नेमकं सांगता येईल.