नाशिकमध्ये मॅन्युअल तपासणारा गट: परवानगीच्या मागे लागू नका

अंबडच्या कंपनीत तुम्ही एकट्याच मॅन्युअल लिहिता, इंजिनिअर न वाचताच सही करतात, म्हणून नाशिकच्या टेक्निकल रायटर्सचा एकमेकांचं लिखाण तपासणारा गट काढायचाय. त्यासाठी एचआरकडे लेखी परवानगी मागू का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत: मागू नका. परवानगी लागणारच नाही असं साहित्य घ्या.

आमचा पहिला गट तिथेच मोडला. एका सदस्याच्या कंपनीच्या लीगल विभागाला साधं पत्र दिलं होतं: नाव, आकडे, ड्रॉइंग काढून नुसती वाक्यं दाखवली तर चालेल का? हो नाही, नाहीही नाही. कधी साहेब टूरवर, कधी फाइल मुख्यालयात. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग अचानक सगळ्या स्टाफला मेल: कंपनीचं कुठलंही लिखाण बाहेर चर्चेला नेल्यास कारवाई. पत्राला उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. माणसं घाबरून गळाली, त्यात आमच्यातली सगळ्यात बारकाईने वाचणारी बाईही गेली. मला त्याचा अजून राग येतो. सरळ नकार दिला असता तर त्याच आठवड्यात आम्ही दुसरी वाट धरली असती.

ती वाट म्हणजे घरातल्या गिझरचं, इन्व्हर्टरचं माहितीपत्रक घ्यायचं आणि त्यातलं एक पान नव्याने लिहून आणायचं. ओपन सोर्स सॉफ्टवेअरची मदतपानंही चालतात. कसोटी मात्र आधी ठरवा, नाहीतर सगळा वेळ 'मला असं वाटतं'मध्ये जातो. इंग्रजीसाठी एएसडी-एसटीई१०० ही सोप्या तांत्रिक इंग्रजीची नियमावली घ्या: कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५. धोक्याची सूचना कृतीच्या आधी आहे का, हे तर पहिल्यांदा बघा. 'झाकण उघडा'नंतर 'आधी वीज बंद करा' आलं, तर वाचणाऱ्याचा हात तोवर आत गेलेला असतो.

आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६मध्ये कोड तपासायची पद्धत मांडली, तिचा एक नियम आम्ही उचलला: बैठकीत चुका फक्त शोधायच्या, दुरुस्ती लेखकाने नंतर करायची. वाद निम्म्याने कमी झाले.

मी वकील नाही. नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं कलम स्वतः वाचा. काही कंपन्या घरी लिहिलेल्यावरही हक्क सांगतात.

जागा शक्यतो कुणाचं तरी घर, कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे. कॅफेत मोठ्याने वाचता येत नाही. २०२७च्या सिंहस्थात पंचवटी, रविवार कारंजाच्या बाजूला तर ठेवूच नका. वार ठरला की कळवा, गिझरचं पत्रक घेऊन येतो.