परत म्हणवून घे

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

काल गच्चीवर तू विचारलंस, "काका, रिंग रोडवरचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का? माझं कम्युनिकेशनच वीक आहे." मी तांब्याभर पाणी प्यायलो आणि पापड वाळले का ते बघायला उठलो. उठलो नसतो तर तुझ्यावर ओरडलो असतो. आज पहाटे लिहायला बसलोय. दहानंतर या खोलीत बसवत नाही, तोवर होईल तेवढं.

क्लास लावायचा तर लाव, इंग्रजी कुठं वाया जात नाही. पण या कारणासाठी लावू नकोस.

काय झालं ते मी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांग. टेबलाखालचा एक्स्टेंशन बोर्ड गरम होतोय, प्लास्टिक काळवंडलंय, हे तू मेंटेनन्सच्या भाऊंना फोनवर सांगितलंस. भाऊ म्हणाले, "व्हई जाई." तीन आठवड्यांनी बोर्डातून धूर निघाला, दोन कॉम्प्युटर गेले. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, याची कल्पना कोणीच दिली नव्हती. भाऊ खाली बघत राहिले. तूही. मग बाथरूममध्ये जाऊन रडलीस.

आता यात इंग्रजी कुठं आलं? तू मराठीत बोललीस, त्यांनी अहिराणीत उत्तर दिलं, दोघांनाही दोन्ही भाषा येतात. तुझ्या बोलण्यातला आपल्याकडचा हेल पुण्याच्या साहेबाला खटकत असेल, खटकू दे. बोर्ड हेलामुळे जळला नाही. तू सांगितलंस आणि फोन ठेवलास. भाऊंकडून परत म्हणवून घेतलं नाहीस, एवढंच चुकलं.

"व्हई जाई" हे फार गोड उत्तर आहे. अख्खा खानदेश त्यावर चालतो. लग्नाचा मांडव, बँकेचं कर्ज, केळीची गाडी, सगळं व्हई जाई. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून वाटत असतं की होऊन जाईल. पण त्यात कोण करणार ते नाही, कधी करणार ते नाही, आणि नेमकं काय करणार ते तर मुळीच नाही. ऐकणाऱ्याला मात्र काम झाल्यासारखं वाटतं.

माझे वडील रेल्वेत होते. काही वर्षं भुसावळ आणि जळगावच्या मधल्या भादली स्टेशनावर असिस्टंट स्टेशनमास्तर. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि बाकावर बसून त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकायचो. गाडी यायची झाली की ते फाटकावरच्या गेटमनला फोन लावत. "गेट बंद कर" म्हणून त्यांनी फोन ठेवलाय असं कधी झालं नाही. पलीकडून गेटमन आख्खं वाक्य परत म्हणायचा: अमुक गाडीसाठी गेट बंद केलं, प्रायव्हेट नंबर चार सात. सत्तेचाळीस नाही, चार सात, एकेक आकडा सुटा. वडील तो नंबर परत म्हणून दाखवायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे. त्या नंबरांचा छापील कागद गेटमनकडे असतो, एकदा वापरला की नंबर तिथंच खोडायचा. नंबर मिळाला याचा अर्थ निरोप पोचला, समजला आणि गेट खरोखर बंद झालं. नंबर नाही तर गाडी नाही. मला ते पोरखेळासारखं वाटायचं. दोघं वीस वर्षं एकमेकांना ओळखत होते, एकमेकांच्या घरची वरण-बट्टी खाल्लेली, तरी रोज तेच. मी एकदा विचारलं, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही का? वडील म्हणाले, "त्याच्यावर आहे. फोनवर नाही."

हे मला बाराव्या वर्षी कळायला हवं होतं. एका माणसाची दोन बोटं गेल्यावर कळलं.

ते आता लिहितोच. तुझ्या आईला अर्धं माहीत आहे, पूर्ण कोणालाच नाही.

मे १९९६. मी एका तेलमिलच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो, मिलचं नाव लिहीत नाही. पारा पंचेचाळीसवर. खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर, मागच्या बाजूला गवत, खाली पाण्याची टाकी, आत छोटा पंप. त्याच्या वायरीला थ्री-पिन टॉप नव्हता. दोन वायरी सोलून थेट सॉकेटमध्ये घातलेल्या आणि त्या निघू नयेत म्हणून भोकांत काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. अर्थिंगची हिरवी वायर होती, तिला गुंडाळून वर चिकटपट्टी लावलेली. रोज तीनदा एक पोरगा बादलीनं त्यात पाणी ओतायचा, कूलर चालू ठेवूनच. बंद केला की साहेब आतून ओरडायचे.

त्या पोरानं मला सांगितलं, "साहेब, कूलर झिणझिणतो." मी म्हणालो, "बरं, सांगतो." आणि सांगितलं. पोरी, मी सांगितलं होतं. वायरमन गेटजवळ चहा पीत होता, त्याला जाता जाता म्हणालो, "ऑफिसातला कूलर बघून घे रे." तो म्हणाला, "हो साहेब." दुसऱ्या दिवशी त्यानं कूलर उघडला, सडकं गवत काढून नवं भरलं, पंपात अडकलेली घाण काढली. कूलर थंड हवा द्यायला लागला, साहेब खूश. त्यानं "बघून घे" चा अर्थ लावला तो काही चुकीचा नव्हता. मे महिन्यात कूलर बघायला सांगितला तर माणूस दुसरं काय बघणार?

चौथ्या दिवशी पोरगा चिकटला. एक हात पत्र्यावर, पाय सांडलेल्या पाण्यात. मेन स्विच कुठं आहे हे ऑफिसातल्या सात जणांपैकी एकालाच माहीत होतं आणि तो जेवायला गेला होता. शेवटी हमालानं लाकडी स्टूल मारून त्याला सोडवलं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं पुढं काढावी लागली.

संध्याकाळी मॅनेजरनं मला आत बोलावलं. म्हणाला, तुम्ही वायरमनला सांगितलं होतं ना? मग रजिस्टरला तशी नोंद असायला हवी. माझ्यासमोर मेंटेनन्सचं रजिस्टर सरकवलं. चार दिवसांपूर्वीच्या पानावर तळाशी दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं: कूलरला करंट येत असल्याबाबत वायरमन यांना तोंडी कळवले. मागची तारीख टाकली आणि सही केली.

पुढं चौकशीत त्या दोन ओळींवरून वायरमनची नोकरी गेली.

मी स्वतःला कितीदा समजावलंय की त्यात खोटं काय होतं? मी सांगितलंच होतं. मी नोंद केली नसती तर मॅनेजरनं दुसऱ्या कोणाकडून करून घेतली असती. घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. हे सगळं खरं आहे. पण "करंट" हा शब्द मी त्या वायरमनसमोर उच्चारला नव्हता, तो फक्त रजिस्टरमध्ये आला. चहाच्या टपरीवर आणखी अर्धा मिनिट थांबून "काय करशील रे, सांग बरं" एवढं विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, "गवत बदलतो." आणि मी म्हणालो असतो, "अरे गवत नाही, करंट येतोय." संपलं असतं. अर्धा मिनिट!

म्हणून तुला पुन्हा सांगतो आणि तुला कंटाळा आला तरी सांगणार: परत म्हणवून घे.

तू म्हणशील, काका, भाऊ पन्नाशीचे, मी चोवीस वर्षांची, त्यांना "परत म्हणा" कसं म्हणू? तसं म्हणूच नकोस. ओझं स्वतःवर घे. "भाऊ, मी नीट सांगितलं का ते कळत नाहीये, तुम्हाला काय समजलं ते एकदा सांगता?" यात कोणाचा मान जात नाही. साहेबांनी काम सांगितलं तर तूच परत म्हण: "सर, म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत तिन्ही पार्ट्यांचे रेट, जीएसटी धरून, बरोबर?" दहातल्या तीन वेळा साहेब म्हणतील, "नाही नाही, जीएसटी सोडून." त्या तीन वेळांसाठीच हे करायचं.

निवृत्तीनंतर मला अपघातांचं वाचायचा नाद लागलाय, तुझी काकू वैतागते. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानातून टॉवरला "आम्ही आता टेक-ऑफवर आहोत" अशा अर्थाचं काहीतरी मोघम सांगितलं गेलं आणि टॉवरवरचा माणूस "ओके" म्हणाला. त्यापुढं तो "थांबा" म्हणाला होता, पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कोणी बोललं आणि रेडिओवर नुसती शिट्टी ऐकू आली. त्या "ओके" मध्ये आणि "व्हई जाई" मध्ये मला तरी फरक दिसत नाही. त्यानंतर विमानवाल्यांनी बोलण्याची भाषाच आवळली. "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि वैमानिकानं नुसतं "ओके" न म्हणता सूचना परत म्हणायची. माझ्या वडिलांचा गेटमन हेच करत होता.

तोंडी झालं की लगेच लिहून पाठव. ग्रुपवर नाही, ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. भाऊंना वेगळा मेसेज, साहेबांना मेल. "वायरिंगचा प्रॉब्लेम आहे" असं लिहिशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. त्या दिवशी असं लिहायला हवं होतंस: दुसरा मजला, खरेदी विभाग, खिडकीकडचं टेबल, एक्स्टेंशन बोर्डला हात लावला तर चटका बसतो, मधल्या सॉकेटभोवती काळं झालंय, फोटो जोडलाय, त्यावर दोन कॉम्प्युटर, प्रिंटर आणि चहाची इलेक्ट्रिक किटली आहे, मी आज ११ वाजता बोर्ड बंद करून काढून ठेवलाय, तुम्ही बुधवारपर्यंत भिंतीतला पॉइंट वाढवून देणार असं आपलं बोलणं झालं, बरोबर ना? आणि "बरोबर" असं उत्तर येईपर्यंत निरोप पोचला असं धरू नकोस. दोन निळ्या खुणा म्हणजे मेसेज उघडला गेला, बस.

वरच्या मेसेजात "बंद करून काढून ठेवलाय" आहे ते वाचलंस ना? हे तू केलं नाहीस, आणि मला याचाच जास्त राग आला. काळा पडलेला बोर्ड तीन आठवडे वापरत राहिलीस! आमचा जुना वायरमन, तोच ज्याची नोकरी गेली, काम करताना किटकॅट फ्यूज, म्हणजे हातानं उपसता येणारा चिनी मातीचा फ्यूज, काढून खिशात टाकायचा. फ्यूज त्याच्या खिशात असताना दुसरा कोणी लाइन चालू करूच शकत नसे. पुन्हा असा बोर्ड दिसला की आधी त्याची पिन काढ, वर कागद चिकटव, "खराब आहे, लावू नये", खाली नाव आणि तारीख. साहेब ओरडले तर ओरडू देत. किटली त्या बोर्डावरून कायमची काढ, हीटरवाली वस्तू भिंतीतल्या पॉइंटवरच लावायची. मेन स्विच कुठं आहे ते उद्याच बघून ये. वायरीला आग लागली तर आधी मेन बंद. पाणी टाकायचं नाही, सीओटूचा किंवा पावडरचा सिलिंडर वापरायचा आणि तो ज्वाळेवर नाही, बुडाशी मारायचा. तुमच्या डीबीमध्ये, म्हणजे स्विचांच्या मुख्य पेटीत, आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, आहे का तेही भाऊंना विचार. एमसीबी असेल म्हणून ते सांगतील. तो जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं तर पडतो. माणसाच्या अंगातून जो थोडका करंट जातो त्याला तो दाद देत नाही. ३० मिलीअँपवाला आरसीसीबी देतो. आमच्या कूलरमागं तो असता आणि अर्थिंग जागेवर असतं तर... जाऊ दे.

आणखी एक, काकानं लिहावं की नाही कळत नाही, पण लिहितो. ऑफिसात कोणी वेडंवाकडं बोललं, वागलं, तर त्याच दिवशी घरी येऊन लिहून ठेव: तारीख, वेळ, तो जे बोलला तेच शब्द, तिथं कोण होतं. २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, समितीला पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. त्यातलं एक अक्षरही मागची तारीख टाकून लिहू नकोस. हे तुला कोण सांगतंय ते बघ.

तो पोरगा मला गेल्या वर्षी अजिंठा चौफुलीला भेटला. पोरगा कसला, दोन मुलांचा बाप. डाव्या हातानं नमस्कार केला आणि मला रसवंतीवर नेऊन रस पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. वायरमन पुढं कुठं गेला ते त्यालाही माहीत नव्हतं. मी विचारलं, तुला त्या वेळी मी काय म्हणालो होतो ते आठवतं? तो म्हणाला, "तुम्ही बरं म्हणाले होते, साहेब."

ऊन आलं खिडकीत. सोमवारी गेल्यावर आधी बोर्ड, मग मेल, मग क्लासचं बघू. मेल पाठवण्याआधी मला दाखव.

तुझा,
काका

ता.क. बिबड्यांचा रिकामा डबा आमच्याकडेच राहिलाय, तुझ्या आईला सांग. निळ्या झाकणाचा, छोटा. नको, तू सांगू नकोस, मीच फोन करतो.