घरात आणि जेवणात हार्मोन बिघडवणारी रसायनं कमी कशी करायची? ऑफिसचा डबा प्लॅस्टिकचा आहे, तो बदलू का?

हो, सुरुवात डब्यापासूनच करा. बीपीए (बिस्फेनॉल ए) आणि थॅलेट ही प्लॅस्टिक बनवताना वापरली जाणारी, हार्मोन बिघडवणारी रसायनं. उष्णता आणि तेल मिळालं की ती प्लॅस्टिकमधून अन्नात जास्त उतरतात. आमच्या जुन्या डब्याला तेलकट रश्श्याचा पिवळा डाग बसला होता, तो घासूनही जाईना. तेल-हळद प्लॅस्टिकमध्ये इतकी मुरते, तर उलट बाजूनंही काहीतरी येणारच, हे तेव्हा डोक्यात शिरलं. त्याच आठवड्यात स्टीलचे डबे आणले. मायक्रोवेव्हसाठी काचेचं भांडं ठेवा. पातळ पिशवीतला गरम चहा किंवा सांबार तर नकोच.

'बीपीए-फ्री' या शिक्क्यावर फार विसंबू नका. बऱ्याचदा त्याऐवजी बीपीएस वापरतात आणि तेही त्याच कुळातलं. युरोपात 2011 पासून बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीएला बंदी आहे. तरीही घरात बाळ असेल तर स्टीलची किंवा काचेची बाटली घ्या, इथे काटकसर करू नका.

दुकानाच्या गुळगुळीत पावतीवरही बहुधा बीपीए किंवा बीपीएसचा थर असतो. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने ती धरू नका, मुलांच्या हातात देऊ नका. उग्र वासाचे रूम फ्रेशनर बंद करा, खिडकी उघडा. धुळीतही थॅलेट साचतात, म्हणून झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेलं बरं.

सगळं एकदम बदलायची गरज नाही. बीपीए शरीरातून साधारण दिवसभरात लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे रोजचा डबा बदलल्याचा फायदा लगेच सुरू होतो.