रिझोल्यूशन वाढवलं की अल्फा निम्मा: बग शोधण्याआधी हे वाचा

शिअरिंग बॉक्समध्ये, म्हणजे फिरत्या वायूच्या चकतीच्या छोट्या तुकड्याच्या संगणकी डब्यात, शून्य सरासरीचं चुंबकीय क्षेत्र घेतलंत, ग्रिडचे 64 चे 128 सेल केलेत आणि अल्फा (टर्ब्युलन्स, म्हणजे खळबळ, कोनीय संवेग किती वाहून नेते त्याचं माप) निम्म्यावर आला, म्हणून आता कोड उसवून बग शोधताय. थांबा जरा. बहुधा बग नाहीच. हे दुखणं मीही काढलंय, म्हणून लांबलचक लिहितोय.

हा टर्ब्युलन्स माजवते ती एमआरआय, म्हणजे मॅग्नेटोरोटेशनल इन्स्टॅबिलिटी: फिरत्या वायूत कमजोर चुंबकीय क्षेत्रामुळे येणारी अस्थिरता. फ्रोमांग आणि पापालॉइझू यांनी 2007 मध्ये हेच दाखवलं होतं. बाहेरून दिलेलं क्षेत्र नाही, म्हणजे क्षेत्र टिकवायचं काम टर्ब्युलन्सनेच करायचं, आणि तुमच्या समीकरणांत व्हिस्कोसिटी-रेझिस्टिव्हिटी (चिकटपणा आणि विद्युत रोध) नसेल तर ते सगळं ग्रिडच्या मापाशी येऊन अडतं. दोन्ही पदं स्वतः घाला. मग चुंबकीय प्रांटल आकडा (व्हिस्कोसिटी भागिले रेझिस्टिव्हिटी) खेळ ठरवतो: त्यांच्याच पुढच्या कामात तो 1 च्या आसपास किंवा खाली गेला की टर्ब्युलन्स विझला. द्रव सोडियममध्ये हा आकडा 10⁻⁵ च्या घरात असतो, तेव्हा असले निकाल प्रयोगशाळेतल्या द्रव धातूला चिकटवू नका.

मला खरा फटका बसला तो वेगळ्याच ठिकाणी. संगणनाचा वेळ वाटणारं एक कार्यालय, नाव घेत नाही. फॉर्मवर रकाना: कन्व्हर्जन्स (रिझोल्यूशन वाढवलं तरी उत्तर न बदलणं) दाखवला आहे का, हो किंवा नाही. 'नाही' लिहिलं, खाली कारण दिलं, आलेखही जोडला. अर्ज परत, शेरा, 'कन्व्हर्जन्स अपूर्ण'. फोन केला तर म्हणे तांत्रिक बाबी समिती बघते. समितीला लिहिलं तर उत्तर कार्यालयाकडूनच, शेरा तोच. कन्व्हर्ज का होत नाही ते शोधायलाच वेळ मागतोय, तर आधी कन्व्हर्ज करून आणा! वाटपाची अख्खी फेरी हुकली. माझं स्पष्ट मत: अर्जात शून्य सरासरीची केस पुढे करूच नका. उभ्या क्षेत्राची केस आधी मांडा, ही मागाहून.

तीच कोडची परीक्षाही आहे. एकसारखं, कमजोर उभं क्षेत्र द्या. केप्लर फिरणीत (ताऱ्याभोवती ग्रह फिरतात तशी) सर्वात वेगवान मोड 0.75Ω ने वाढतो (Ω म्हणजे फिरण्याचा कोनीय वेग), म्हणजे एका फेरीत शंभरपटीच्या वर. त्याची तरंगलांबी आल्फव्हेन वेग (चुंबकीय लहरींचा वेग) भागिले Ω च्या साधारण 6.5 पट, ती डब्यात मावायला हवी आणि तिच्यात निदान आठ-दहा सेल हवेत. एवढं करूनही वाढ जुळली नाही, तर मग खुशाल बग शोधा. टर्ब्युलन्स स्थिरावल्यावर मॅक्सवेल ताण (चुंबकीय क्षेत्राचा) रेनॉल्ड्स ताणाच्या (वायूच्या हालचालीच्या) तीन-चारपट येतोय का तेही बघा.

हे सगळं स्तर नसलेल्या (उंचीप्रमाणे घनता न बदलणाऱ्या), बेताच्या उंचीच्या डब्याबद्दल. उंच डब्यात चित्र पालटतं, तिथे माझा शब्द अंतिम मानू नका.

आणि हो, त्रिमितीय फाइली कमी साठवा. डब्याभरची सरासरी मात्र फेरीत दहा-वीसदा लिहून ठेवा. ती फुकटात पडते, आणि वाढीचा दर तिच्यातूनच काढायचा असतो.