हिरवी पूड निळी का पडली?

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पॉलीॲनिलीन हे वीज वाहणारे पॉलिमर केले. फ्लास्कमध्ये गडद हिरवे दिसत होते. गाळून बोअरच्या पाण्याने धुतले तर निळसर पडले आणि मल्टीमीटर काहीच दाखवेना. पूड वाया गेली का? आणि हिची मातीत कुजणारी फिल्म करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : वाया गेली नाही. साखळीतल्या नायट्रोजनने आम्ल धरून ठेवले की पॉलीॲनिलीन हिरवे असते आणि त्याच रूपात वीज वाहते. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने ते आम्ल काढून घेतले. उरला तो निळा बेस, म्हणजे त्याचे आम्ल नसलेले रूप, जवळजवळ विद्युतरोधक. पूड 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ढवळत ठेवा, पुन्हा हिरवी होईल.

पुढच्या खेपेला 2.59 ग्रॅम ॲनिलीन हायड्रोक्लोराइड 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात आणि 5.71 ग्रॅम अमोनियम परसल्फेट दुसऱ्या 50 मिलीत विरघळवा. एकत्र करून जरासे ढवळा आणि रात्रभर हलवू नका. धुण्यासाठी 300 मिली पाण्यात सुमारे 5 मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला (आम्ल पाण्यात, उलटे नाही), शेवटी ॲसिटोन. साधारण 2 ग्रॅम पूड मिळते. रंगच आला नाही तर परसल्फेट तपासा. पावसाळ्यात दमट झालेली बाटली दगा देते. ॲनिलीन कातडीतून रक्तात जाते, म्हणून हातमोजे हवेतच.

आता फिल्म. 2 ग्रॅम कायटोसन (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) 1 टक्का ॲसेटिक आम्लाच्या 100 मिली द्रावणात रात्रभर ढवळा, मलमलीतून गाळा, 0.6 ग्रॅम ग्लिसरीन आणि बारीक खललेली 0.4 ग्रॅम हिरवी पूड घाला. अर्धा तास सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी कण विखुरणाऱ्या यंत्रात) ठेवून लगेच पेट्री डिशमध्ये ओता, 40 अंशांवर सुकवा. रेंगाळलात तर पूड तळाशी बसते: फिल्म खालून वीज वाहते, वरून नाही. कण एकमेकांना टेकले तरच प्रवाहाला वाट मिळते. फिल्म फिकी किंवा निळसर वाटली तर बंद बरणीत हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेवर धरा. आम्लात बुडवलीत तर कायटोसनच विरघळेल.

मोजताना खानापूरच्या पावसाळी हवेचे भान ठेवा. ओलसर कायटोसन, त्यात हिरवी पूड नसतानाही, थोडी वीज वाहून नेतो. म्हणून बिनपुडीची कोरी फिल्म सोबत करा आणि दोन्ही सिलिका जेलमध्ये सुकवूनच मोजा.

कुजण्याबद्दल मात्र प्रकल्पवहीत मोठा दावा नको. कुजतो तो कायटोसन. पॉलीॲनिलीन मातीत तसेच राहते. जाळीच्या पिशवीत पुरलेल्या फिल्मचे वजन घटले तर आधी विचारा: मातीने खाल्ली, की पूड गळून पडली?

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशवीत रोपे लावली. वर्ष झाले, काळ्या रानात पिशवी तशीच आहे. फसवणूक झाली का?
– एक शेतकरी, निपाणी

उत्तर : असेलच असे नाही. कंपोस्टेबल ठरवण्याची चाचणी सुमारे 58 अंश तापमानात, 180 दिवसांपर्यंत चालते. अशा पिशव्यांत वापरला जाणारा पीएलए (पॉलीलॅक्टिक ॲसिड) हा पॉलिमर तेवढ्या उष्णतेतच झपाट्याने तुटतो, आणि आपले रान तेवढे तापत नाही. पिशवी फाडून, ओला ठेवलेला आणि अधूनमधून उलथलेला शेणखताचा ढीग आतून वाफाळत असताना त्याच्या पोटात घाला. नुसत्या ‘ऑक्सो’ (ऑक्सो-बायोडिग्रेडेबल) छापाच्या पिशव्या मात्र घेऊच नका, त्यांचे बारीक तुकडे होऊन प्लॅस्टिक रानातच राहते.

प्रश्न : वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा स्वस्तात करण्याजोगा उपयोग सांगा.
– एक शिक्षक, बेळगाव

उत्तर : अमोनिया ओळखणारी पट्टी. वरचे ॲनिलीन-परसल्फेटचे मिश्रण रंग धरू लागताच त्यात गाळणकागद बुडवून ठेवा. हिरवा लेप बसला की सौम्य आम्लाने धुऊन वाळवा. अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी धरला की कागद निळा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. विद्यार्थिनीच्या बोअरच्या पाण्याने केले तेच, फक्त इथे मुद्दाम.