बसस्टँडवरच्या तर्री पोह्याची चव घरी का येत नाही?

तुमचा प्रश्न असा: कॉलेजात असताना तालुक्याच्या बसस्टँडसमोर जो तर्री पोहा खायचो, तो आता पुण्यात घरी करतो, पण तशी चव लागत नाही. काय चुकतं?

पोहे बहुतेक बरोबरच असतात. चुकते ती तर्री. घरी तेल टाकताना हात आखडतो, मग चण्याचा नुसता पातळ रस्सा होतो आणि तोच पोह्यावर ओतला जातो. पोहे भिजून गोळा होतो. तर्री म्हणजे रस्स्यावर तरंगणारं लाल, मसाल्याचं तेल. ते वर यायला तेल, मंद आच आणि वेळ, तिन्ही लागतात.

सहा प्लेटींचा हिशेब सांगतो. काळे चणे 200 ग्रॅम, रात्रभर भिजवलेले. भिजवतानाच चमचाभर मीठ टाका, साल मऊ होते. कुकरला चार-पाच शिट्ट्या. सोडा नको, सालं सुटतात आणि रस्सा गढूळ होतो. चणे शिजलेलं काळपट पाणी मात्र ओतून देऊ नका, रस्स्याचा अर्धा जीव त्यात असतो.

वाटणाला तीन मध्यम कांदे उभे चिरून तेलात चांगले तपकिरी होईस्तोवर परता. गुलाबी झाल्यावर थांबलात तर रस्सा गोडसर लागतो. कच्चा कांदा मिक्सरला लावलात तर कडवट. सोबत 25 ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, चमचाभर खसखस, 12-15 लसूण पाकळ्या, इंचभर आलं. मसाल्यात दोन चमचे धणे, चमचाभर जिरे, चार लवंगा, आठ-दहा मिरे, कलमीचा (दालचिनीचा) बोटभर तुकडा, एक मोठी वेलची, थोडं दगडफूल, एक तेजपान. कोरडे भाजा, पण वास सुटला की लगेच उतरवा. टमाटर नाही टाकला तरी चालतो. टाकायचाच तर एकच, नाहीतर आंबटपणा मसाल्यावर बसतो.

आता तेल. 120 मिली, म्हणजे प्लेटमागे चार चमचे. जास्त वाटतं ना? कमी केलं तर तर्री होत नाही, एवढंच लक्षात ठेवा. फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल उत्तम. तेल तापवा, वाटण घाला आणि तेल कडेनं सुटेस्तोवर परता. यात दहा-बारा मिनिटं जातात आणि इथेच घाई होते. मग आच अगदी बारीक करून तीन चमचे तिखट, पाव चमचा हळद आणि लगेच दोन चमचे पाणी. पाण्याशिवाय गरम तेलात तिखट गेलं की अर्ध्या मिनिटात करपतं. रंग काळा आणि चव कडू. एकदा करपलं की पुढे कशानंच सावरत नाही, सरळ नव्यानं फोडणी करा.

भिवापुरी (नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या) मिरचीचं तिखट मिळालं तर रंग आणि झणका एकातच येतो. पुण्यात नसेल तर दोन भाग ब्याडगी रंगासाठी आणि एक भाग गुंटूर तिखटपणासाठी.

मग चणे, त्यांचं पाणी आणि वरून गरम पाणी, सगळं मिळून सव्वा लिटर. थंड पाणी ओतलं की उकळी मोडते आणि तेल वर यायला उशीर लागतो. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर 25 मिनिटं, सराट्यानं (उलथन्यानं) ढवळाढवळ न करता. घट्टपणासाठी बेसन लावू नका, तेल त्यात धरून राहतं आणि वर येतच नाही.

टपरीवाल्याचा रस्स्याचा गंज (पातेलं) पहाटेपासून बारीक आचेवर असतो. पहिल्या एसटीनं उतरलेल्याची प्लेट आणि दहाच्या सुट्टीतली प्लेट म्हणूनच सारखी लागत नाही. दहाची जास्त मुरलेली असते. घरी हे जमवायचं तर रस्सा रात्रीच करून ठेवा आणि सकाळी मंद आचेवर गरम करा.

पोहे जाडेच घ्या, 500 ग्रॅम. चाळणीत दोनदा धुवून दहा मिनिटं निथळू द्या. फोडणीला मोहरी, जिरे, मिरची, कांदा, हळद, बस. यात साखर नको आणि मिरच्याही दोन-तीनच, तिखटाचं काम तर्री करते. पोहे थोडे कोरडेच ठेवा, वरून ओलावा येणार आहे.

वाढताना डाव रस्स्यात खोल घालू नका. आधी वरची तर्री पळीनं दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. पोह्यावर झाऱ्यानं चणे, मग दोन पळ्या तर्री, बारीक कच्चा कांदा, मूठभर शेव, वरून सांबार (पुण्यातल्या दुकानात कोथिंबीर म्हणा) आणि लिंबाची फोड. खाली उरलेला रस्सा वाटीत वेगळा द्या. आलुबोंड्यालाही हाच चालतो, फक्त बोंडा गरम असताना फोडून वरून घाला. आधी घालून ठेवलात तर बेसनाचं वेष्टन पाच मिनिटांत सुटतं.