वीस वर्षं रोज पिणाऱ्या वडिलांनी अचानक दारू बंद केली, आता हातपाय थरथरतायत. घरी काळजी कशी घ्यावी?

घरी नको, आजच दवाखान्यात न्या. तुम्ही लिहिलंय की काल सकाळपासून बंद आहे, दरदरून घाम येतोय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. हे चित्र आम्ही नेहमी बघतो आणि पुढचे तीन दिवसच जपायचे असतात.

रोजच्या दारूने मेंदूला दाबून ठेवलेलं असतं. ती एकदम थांबली की तो खवळतो. थरथर, घाम, मळमळ 6 ते 24 तासांत सुरू होते. फिट आली तर बहुधा पहिल्या 48 तासांत. खरा धोका दुसऱ्या ते चौथ्या दिवसात: भास, भ्रम, ताप, वाढलेलं बीपी. वेळेवर उपचार नसतील तर यात जीवही जातो.

आमच्याकडे एक आजोबा पाय मोडला म्हणून दाखल होते. दारूचं विचारलं तर घरचे म्हणाले, "कधीतरी घेतात." तिसऱ्या रात्री ते चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले. मुंगी एकही नव्हती. मुलगा "अहो बाबा, काही नाहीये तिथे" म्हणून वाद घालत होता आणि ते आणखी चिडत होते. मी दिवा लावला, सलाइनच्या स्टँडची भिंतीवरची सावली घालवली, शेजारी बसून सांगत राहिले, "तुम्ही दवाखान्यात आहात, मी सिस्टर, मुलगा इथेच आहे." डॉक्टरांनी औषध सुरू केलं. खरं आधी कळलं असतं तर ते पहिल्याच दिवशी सुरू झालं असतं. लाजेपोटी लपवू नका, आम्ही कुणाला नावं ठेवायला बसलेलो नाही.

अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत व्हिटॅमिन बी-1 चं इंजेक्शन लागतं. हे व्हिटॅमिन शरीरात कमी पडलं की बोलणं असंबद्ध होतं, नजर तिरकी होते, चालताना झोकांड्या जातात आणि घरच्यांना वाटतं, परत प्याले.

गाडी येईपर्यंत त्यांना एकटं सोडू नका. झोपेची गोळी मनाने देऊ नका. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. आणि एका कागदावर लिहून घ्या: शेवटचा घोट किती वाजता, रोज किती, पूर्वी कधी फिट आली होती का. तो कागद आल्या आल्या सिस्टरच्या हातात द्या.